हॉटेल मॅनेजमेंट करताना मे-जूनच्या सुट्टीत क्रूझ जहाजावर इंटर्नशिप मिळते का?

तुम्ही लिहिलंय की वय 19, पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष, आणि ‘दोन महिन्यांची इंटर्नशिप पक्की’ म्हणून एजंट दीड लाख मागतोय. पैसे देऊ नका.

दोन महिन्यांसाठी परदेशी जहाजावर सहसा कुणी घेत नाही, कारण तिथे नुसता वेटर कुणीच नसतो. प्रत्येकाला आणीबाणीतलं काम नेमून दिलेलं असतं: कुणी लाइफजॅकेट वाटायची, कुणी जिन्यावर उभं राहून प्रवाशांना मस्टर स्टेशनकडे (आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेकडे) वळवायचं. हे शिकवा, विमानाचं तिकीट काढा, झोपायला बंक द्या, आणि कामाला हात बसेपर्यंत माणूस घरी परत. कंपनीला परवडत नाही. म्हणून हॉटेल विभागातली कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांची असतात. शिवाय अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर बऱ्याच पदांना 21 वर्षं पूर्ण लागतात.

एजंटकडे आरपीएसएल नंबर (खलाशी भरती करायचा सरकारी परवाना) मागा आणि डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक खात्याच्या, वेबसाइटवरच्या यादीत स्वतः तपासा. 2006 च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. तुमच्या खिशातून जाऊ शकतो तो पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि मेडिकलचा खर्च. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. कोर्सची फी मात्र बहुधा आपणच भरायची असते. ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा’ किंवा ‘दुसऱ्या देशाची सीडीसी काढून देतो’ असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा.

ही सुट्टी कागद उभे करण्यात घालवा, मी तरी हेच सांगेन. क्रम महत्त्वाचा: आधी पासपोर्ट, मग इन्डॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), मग डीजी शिपिंगमान्य संस्थेत एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) बेसिक कोर्स, त्यानंतर सीडीसीचा अर्ज. इन्डॉसशिवाय कोर्सला प्रवेश मिळत नाही. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाजाची सुरक्षा, असे पाच कोर्स दोन-तीन आठवड्यांत उरकतात. प्रवासी जहाजासाठीचा वेगळा कोर्सही लागतो. पाण्याची भीती असेल तर आधीच तलावावर जा. कोर्समध्ये पाण्यात उलटा पडलेला लाइफराफ्ट (फुगवायचा तराफा) सरळ करताना तो फुगवणाऱ्या गॅस सिलिंडरच्या बाजूला उभं राहून तळाचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि सगळं वजन मागे टाकायचं असतं. सिलिंडरची बाजू वारा येतो तिकडे आली तर वारा मदतीऐवजी विरोध करतो, आणि राफ्ट सरळ होऊन पडला की तुम्ही काही क्षण त्याच्याखाली असता. मुलं घाबरतात ती इथेच.

कॉलेजचं सेमिस्टरभराचं ट्रेनिंग बाकी असेल, तर प्लेसमेंट सेलमार्फत मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीकडे विचारायला हरकत नाही. नाही जमलं तर मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये करा. एका वेळी शेकडो ताटं काढायची सवय जहाजावर थेट कामी येते. त्या किचनमध्ये पदार्थांच्या तापमानाची नोंदवही स्वतः लिहायला मागा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची यूएसपीएच (अमेरिकी सार्वजनिक आरोग्य खात्याची स्वच्छता) तपासणी होते, 100 पैकी 85 किंवा कमी गुण म्हणजे नापास. थंड पदार्थ 5 अंश सेल्सिअस किंवा खाली, गरम 57 किंवा वर, हे आकडे इंटरव्ह्यूत विचारले तर अडखळू नका.