लेडव्हिलचं जुनं घर: खिडक्या थांबू देत, आधी माळा बघा

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोलोरॅडोत लेडव्हिलला १८९० च्या सुमाराचं दीड मजली लाकडी घर घेतलंत. पहिल्याच हिवाळ्यात गॅसच्या बिलाने डोळे पांढरे केले, वळचणीला बर्फाचे जाडजूड सुळके लोंबतायत आणि वरच्या खोलीच्या सिलिंगला कोपऱ्यात पिवळा डाग पडलाय. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळ्या खिडक्या बदला, दुसरा म्हणतो छपराला आतून स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा, उष्णता अडवणारा फेस) मारा. ऐकायचं कुणाचं?

सध्या कुणाचंच नको. मी याच डोंगरांत जुन्या घरात बरीच वर्षं काढली आहेत आणि ओळखीच्यांच्या माळ्यांवर पोटावर सरपटून झालंय. तुमची तिन्ही दुखणी एकच आहेत: घरातली गरम हवा वरून निसटतेय.

लेडव्हिल ३,१०० मीटरच्या आसपास आहे. जानेवारीत रात्री पारा उणे वीस सेल्सियसच्या खाली सहज जातो. आत-बाहेर एवढा फरक असला की गरम हवा वर चढते, सिलिंगच्या फटींतून माळ्यात शिरते आणि तिची जागा भरायला खालून थंड हवा आत ओढली जाते. खालच्या मजल्यावर पायांना गार वारा लागतो म्हणून लोक दाराखाली चिंध्या कोंबतात, पण ओढ वरून असते. वरची भोकं बुजवली की खालचा वारा आपोआप कमी होतो.

त्यात त्या काळच्या घरांची बांधणी वेगळी. भिंतीतले उभे वासे पायापासून थेट छपरापर्यंत सलग जातात, मध्ये मजल्याच्या पातळीला आडवं लाकूडच नाही. म्हणजे भिंतीतली प्रत्येक पोकळी खाली तळाला उघडी आणि वर माळ्यात उघडी. आगीच्या दृष्टीनेही हे वाईट, पण तो वेगळा विषय.

आता सुळके. माळा गरम झाला की छपरावरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो. पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नसतं, त्यामुळे ती थंडगार असते आणि पाणी तिथे पुन्हा गोठतं. बर्फाचा बांध तयार होतो, मागून येणारं पाणी त्याला अडून साचतं आणि शिंगल्सच्या (छपरावरच्या एकावर एक बसवलेल्या चपट्या तुकड्यांच्या) खालून आत शिरतं. तुमचा पिवळा डाग बहुतेक तोच. वळचणीला विजेच्या गरम तारा लावून पाण्याला वाट मिळते, पण माळा गरमच राहतो आणि वीजबिल वाढतं ते वेगळंच.

मुंबईत देवघरासाठी आणलेली उदबत्ती इथे कामाला येते. कडाक्याच्या थंडीच्या रात्री स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा पंखा चालू करा, खिडक्या बंद ठेवा आणि पेटलेली उदबत्ती घेऊन फिरा: खिडक्यांच्या चौकटी, जमिनीलगतची पट्टी, बाहेरच्या भिंतीवरचे प्लग. धूर आडवा पडला की समजायचं, वारा आत येतोय. मग पंखे बंद करून माळ्याच्या झडपेशी उभे राहा. तिथे धूर झडपेच्या फटीत खेचला जाईल. हीच तपासणी शास्त्रशुद्ध हवी असेल तर ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या. दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवतात आणि घर किती गळतं याचा आकडा मिळतो. कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही वेळा करा. जो कॉन्ट्रॅक्टर ही टेस्ट नको म्हणतो त्याला मीही नको म्हणतो.

दिवसा माळ्यात डोकवा, टॉर्च घेऊन. जुनं गुलाबी फायबरग्लास (काचेच्या धाग्यांचा उष्णता अडवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन) असेल तर एखादा तुकडा उचलून खालची बाजू बघा. जिथे काळपट डाग आहे तिथून वर्षानुवर्षं हवा गाळली गेली आहे. धूळ अडकली, हवा निघून गेली. त्या डागाच्या बरोबर खाली भोक सापडतंच: वायर गेलेली असेल, पाइप असेल, नाहीतर भिंतीच्या माथ्यावरची फट. छपरातून खाली आलेल्या खिळ्यांची टोकंही बघा. थंडीत त्यांवर पांढरं हिम चढलेलं असेल तर घरातली वाफ माळ्यात पोचतेय. ऊन पडलं की ते हिम वितळून थेंब पडतात आणि लोकांना वाटतं छप्पर गळतंय.

पण माळ्यात काहीही हलवण्याआधी दोन गोष्टी तपासा, आणि इथे मी हट्टी आहे. करड्या-सोनेरी, चकचकीत, खड्यांसारखे हलके दाणे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट, एक जुनं खनिज इन्सुलेशन. अमेरिकेत विकलं गेलेलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट माँटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं. ती १९९० मध्ये बंद झाली आणि तिच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर कर्करोग करणारे खनिज तंतू) होतं. त्याला हात लावू नका, झाडू नका, झडप बंद करा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणारी माणसं बोलवा. दुसरं, चिनी मातीच्या गोट्यांवरून आणि नळ्यांतून गेलेल्या कापडी आवरणाच्या वायरी. अशा वायरींची उष्णता मोकळ्या हवेत जावी अशी मूळ रचना असते, त्यांच्यावर इन्सुलेशन टाकलं की त्या तापतात. आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकीचं. रंगाचंही लक्षात ठेवा: १९७८ च्या आधीच्या घरात शिसं आहे असंच धरून चालायचं, विशेषतः लहान मूल असेल तर.

आता खिडक्यांचा हिशोब करू, म्हणजे वाद मिटेल. समजा तुमच्या माळ्याचं क्षेत्र ८०० चौरस फूट आहे, सध्याचं दबलेलं इन्सुलेशन जेमतेम आर-८ आहे (आर म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं), आणि आत-बाहेर ७० अंश फॅरनहाइटचा फरक आहे. तासाला ७,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) वरून जातात. आर-६० केलंत तर साधारण ९३० उरतात. खिडक्या सगळ्या मिळून १२० चौरस फूट धरा. जुनी एकपदरी काच आणि बाहेरून स्टॉर्म विंडो (जुन्या खिडकीवर बसवायची जादा खिडकी) मिळून आर-२ च्या आसपास, म्हणजे ४,२०० बीटीयू. महागड्या नव्या दुपदरी खिडक्यांनी ते २,५०० वर येईल. माळ्यात सहा हजार वाचतात, खिडक्यांत सतराशे, आणि खिडक्यांचं कोटेशन कित्येक पट असतं. शिवाय लेडव्हिलचा जुना भाग १९६१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, त्यामुळे बाहेरून दिसणारं काही बदलण्याआधी सिटी हॉलमध्ये विचारा. जुन्या खिडक्यांच्या फटी भरा, स्टॉर्म विंडो नसतील तर लावा, रात्री जाड पडदे सोडा. पुष्कळ झालं.

माळ्याचं काम क्रमाने व्हायला हवं, आणि क्रम चुकवणारे फार. फायबरग्लास काय किंवा सेल्युलोज (कागदाच्या बारीक लगद्याचं इन्सुलेशन) काय, नुसतं टाकून भागत नाही. विणलेला स्वेटर घालून स्कूटरवर बसलं की वारा जसा आरपार जातो तसंच हे. आधी फटी बुजवायच्या. भिंतींचे माथे, पाइपांची भोकं, जुन्या दिव्यांचे डबे, माळ्याची झडप. लहान फटींना कॉक (नळीतून भरायची, सुकून बसणारी पेस्ट), मोठ्यांना डब्यातला फोम. विटांच्या धुराड्याभोवती मात्र फोम चालत नाही: तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट, आणि इन्सुलेशन धुराड्याला टेकवायचं नाही. त्या सलग पोकळ्यांची वरची तोंडं फोम बोर्डाचे तुकडे कापून बंद करायची. बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातच सोडलेला असेल (जुन्या घरांत हमखास) तर तो बाहेर काढायचा. वळचणीपाशी हवा खेळायला वाट राहील अशा पट्ट्या लावायच्या. हे सगळं झाल्यावर वरून सेल्युलोज फुंकायचं. इंचाला साधारण आर-३.५ मिळतं, म्हणजे १७-१८ इंच थर. तो पसरवण्याचं मशीन भाड्याने मिळतं, दोघं मिळून जमतं.

तुमचं घर दीड मजली आहे, म्हणून खरी अडचण वरच्या खोलीच्या कडेच्या बुटक्या भिंतींमागे आहे. त्या भिंतीमागची मोकळी जागा थंड, पण खोलीची जमीन ज्या तुळयांवर आहे त्या भिंतीखालून तशाच मागे जातात. म्हणजे बाहेरची थंड हवा तुमच्या जमिनीच्या पोटातून फिरते. बुटक्या भिंतीच्या पाठीला इन्सुलेशन लावून लोक समाधानी होतात आणि खोलीची फरशी गारच राहते. प्रत्येक दोन तुळयांमधली जागा भिंतीच्या बरोबर खाली फोम बोर्डाने बंद करा, कडा फोमने सील करा. कंटाळवाणं काम आहे, गुडघे सोलतात, पण वरच्या खोलीत फरक त्याच आठवड्यात जाणवतो.

तिरक्या सिलिंगचं काय? तिथे वाशांची खोली साडेतीन-चार इंच, आत मावणार किती? स्प्रे फोमवाल्याचं म्हणणं फक्त या तुकड्यापुरतं विचारात घेण्यासारखं आहे. क्लोज्ड-सेल (बंद बुडबुड्यांचा, घट्ट) फोम इंचाला आर-६ च्या आसपास देतो आणि वाफ अडवतो. पण छप्पर कुठून गळतंय ते आधी शोधा, नाहीतर फोममागे फळ्या कुजतील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. छप्पर पाचसहा वर्षांत बदलायचंच असेल तर मी थांबेन आणि तेव्हा वरून जाड फोम बोर्ड टाकून घेईन.

भिंतींची घाई नाही. पुढे बाहेरच्या फळ्या काढून किंवा भोकं पाडून दाबून सेल्युलोज भरता येतं, आर-१३ च्या आसपास मिळतं. बाहेरून फोम लावायचा कुणी सुचवलंच तर अर्ध्या इंचाचा नको. इतक्या थंडीत बाहेरचा फोम पातळ असेल तर भिंतीतली फळी थंडच राहते, आतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते आणि त्या पाण्याला बाहेर सुकायची वाटही उरत नाही.

घराखाली क्रॉलस्पेस (सरपटून जाण्याइतकी बुटकी मोकळी जागा) असेल तर मातीवर जाड प्लास्टिक अंथरा, कडा भिंतीवर वर घ्या, आणि दगडी पायावर जिथे लाकूड बसतं ती पट्टी सील करा. आधी तिथलं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागलं तर सुतार आधी. स्वयंपाकघराच्या सिंकचे पाइप उत्तरेच्या भिंतीत असले तर कडाक्याच्या रात्री खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

घर घट्ट झालं की आपल्या लोकांच्या घरात एक नवा प्रश्न उभा राहतो: वाफ. कुकरच्या शिट्ट्या, उकडीचे मोदक, घरात वाळत घातलेले कपडे. एरवी इथली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, म्हणून लोक वाफेचं कौतुक करतात; पण काचेवर सकाळी पाणी ओघळत असेल तर जास्त झालंय. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकणारा हवा, नुसता जाळीतून फिरवून परत खोलीत सोडणारा नको. आणि फटी बुजवल्यावर फर्नेस, गीझर आणि लाकडाच्या स्टोव्हचा धूर उलटा आत येत नाही ना, हे तपासून घ्याच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही मजल्यांवर. रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणीही दोनदा करा, कामाआधी आणि नंतर. कोलोरॅडोच्या जमिनीत तो भरपूर आहे. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला तर उपाय करायलाच हवा.

पैशांचं एक: केंद्र सरकारची इन्सुलेशनवरची ३० टक्क्यांची कर-सवलत २०२५ च्या डिसेंबरअखेर संपली. अजूनही तिच्या नावाने माल खपवणारे भेटतील. गॅस आणि वीज कंपनीचं काही रिबेट आहे का ते त्यांनाच फोन करून विचारा, आणि ते टेस्टशिवाय मिळतं का हेही.

हिवाळा अजून बाकी आहे, तेव्हा छपरावरचा ताजा बर्फ जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रेकने वळचणीपासून तीन-चार फूट ओढून काढत राहा, शिडी लावून वर चढू नका. सुळके हातोडीने फोडू नका, शिंगल्स निघून येतात. आणि माळ्याच्या झडपेतून दोन फोटो काढून इथे टाका, एक वायरींचा, एक इन्सुलेशनचा जवळून. ते बघितल्याशिवाय कुठल्याच कोटेशनवर सही करू नका.