नावांची यादी बाजूला ठेव

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्याच आठवड्यात मेंदूच्या भागांची तीन पानी यादी हातात पडली आणि तू विचारलंस, ‘सर, हा पाठांतराचा विषय आहे का?’ प्रश्नामागची धास्ती कळली. थोडं घोकावं लागतंच, ते टळत नाही. पण बिहेव्हिअरल न्यूरोसायन्सचा, म्हणजे मेंदू आणि वागणं यांच्या शास्त्राचा, पहिला कोर्स नुसत्या घोकंपट्टीवर काढला, तर परीक्षा संपते आणि विषय तिथेच राहतो.

मी स्वतः त्या खड्ड्यात पडलो आहे. पहिल्या चाचणीआधी चाळीसेक भाग पाठ केले होते. ॲमिग्डाला कुठे, थॅलॅमस कुठे, डोळे मिटून सांगत होतो. पेपरात प्रश्न आला: मेंदूचा अमुक भाग निकामी केल्यावर उंदीर भूलभुलैयात वाट चुकू लागला, तर तो भाग वाट लक्षात ठेवतो असं म्हणता येईल का? मी ‘होय’ लिहून पुढे सरकलो. गुण शून्य. त्या उंदराला नीट दिसत नसेल, त्याचे पाय अडखळत असतील, किंवा पलीकडे ठेवलेल्या खाऊची ओढच उरली नसेल, यातलं एकही मला सुचलं नव्हतं. चाळीस नावं त्या वेळी काही कामाला आली नाहीत.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर उभी रेघ मारतो. डावीकडे पुस्तकातलं विधान, उजवीकडे ‘हे कळलं कसं?’ उजवा रकाना रिकामा राहिला तर ते विधान आपल्याला अजून आलेलं नाही असं समजायचं. त्या रकान्यात येणारी उत्तरं बहुतेक तीनच प्रकारची असतात. काहीतरी बिघडलं आणि वागणं बदललं. वागणं चालू असताना चेतापेशींची हालचाल टिपली. किंवा एखादा भाग बाहेरून चेतवला आणि वागणं घडलं. पहिल्यातून त्या भागाची गरज कळते, तिसऱ्यातून तो काय घडवू शकतो ते कळतं. मधल्यातून फक्त सोबत कळते. कोंबडा आरवतो तेव्हा उजाडतं, एवढीच.

ऑटो लोवीचा १९२१ सालचा प्रयोग तुमच्या कोर्समध्ये अर्ध्या पानात उरकतील. तू मात्र तिथे थांब. चेतापेशी एकमेकींशी विजेने बोलतात की रसायनाने, असा तेव्हा वाद होता. लोवीने बेडकाची दोन हृदयं द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, शाबूत होती, दुसऱ्याची काढलेली. पहिल्याची नस चेतवली, ठोके मंदावले. मग त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि तेही मंदावलं! दोन्ही हृदयांमध्ये तार नाही, नस नाही, फक्त पाणी. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी उतरलं असणार. ते ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन निघालं आणि १९३६ साली हेन्री डेलसोबत लोवीला नोबेल मिळालं. ही कल्पना झोपेत सुचली, रात्री उठून खरडून ठेवली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री पुन्हा सुचल्यावर तडक प्रयोगशाळा गाठली, असं लोवी सांगायचा. गोष्ट मजेदार आहे, वर्गात हमखास हशा पिकतो. पण दुसऱ्या हृदयाची नस का काढली होती हे तुला सांगता आलं, तर तुला प्रयोग कळला.

रुग्णांच्या गोष्टी वाचताना जरा सावध राहा. त्या इतक्या रंगतदार असतात की पुरावा कुठे संपला ते लक्षात येत नाही. फिनिअस गेजचं उदाहरण घे. १८४८ साली रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला, आणि मीटरभराहून लांब लोखंडी पहार गालाखालून शिरून कवटीतून बाहेर पडली. माणूस वाचला. ‘तो मग गेज राहिला नाही’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात सापडेल. पण त्यानंतर तो साडेअकरा वर्षं जगला आणि त्यातली काही वर्षं चिलीमध्ये घोडागाडी हाकत होता, हे बरीच पुस्तकं गाळतात. घोड्यांची टीम सांभाळत ठरल्या वेळेला गाडी नेणं हे ताळतंत्र सुटलेल्या माणसाचं काम वाटतं का तुला? त्याच्या स्वभावाबद्दलच्या मूळ नोंदी मोजक्या ओळींच्या आहेत. बाकीचं लोकांनी भर घालत वाढवलं.

एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची गोष्ट याहून भक्कम आहे, कारण त्याच्या वागण्याचं मोजमाप वर्षानुवर्षं होत राहिलं. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक हात सुधारत गेला, आणि दरवेळी तो म्हणायचा की हे काम आपण प्रथमच करतो आहोत. स्मृती नावाची एकच पेटी डोक्यात नाही, हे त्या गिरवलेल्या कागदांवरून दिसलं. मला या कोर्समधलं हे सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं. त्याला लागलं काय, तर कागद, पेन्सिल आणि आरसा. तरी उजव्या रकान्यात हेही लिही, की पुढे एमआरआयमध्ये पाहिलं तेव्हा हिप्पोकॅम्पसचा काही मागचा भाग शिल्लक असल्याचं दिसलं. काय काढलं याची शस्त्रक्रियेच्या वेळची कल्पना पूर्ण बरोबर नव्हती.

आता ॲक्शन पोटेन्शिअल, म्हणजे चेतापेशीतून धावणारी विजेची क्षणिक उसळी. सगळे इथेच कच खातात, आणि तुझं रसायनशास्त्र शाळेनंतर सुटलं म्हणून तूही घाबरलेली आहेस. मीठ पाण्यात विरघळतं आणि विरुद्ध भार एकमेकांना खेचतात, एवढं माहीत असलं की सुरुवातीला पुरतं. पेशी शांत असताना तिच्या आत, बाहेरच्या मानाने, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर जास्त, शिवाय आतला ऋण भार त्याला खेचतो, म्हणजे त्याला आत शिरायची दोन कारणं आहेत. पोटॅशियमची मात्र ओढाताण चाललेली असते: गर्दी बाहेर ढकलते, भार आत धरून ठेवतो. पेशीच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडली की व्होल्टेजचा आलेख वर उसळतो. ती मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि आलेख खाली येतो. तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत असा जो पंप शिकवतील, तो आलेख खाली आणतो असं दरवर्षी अर्धा वर्ग लिहितो. चूक! पंप मागे संथपणे साठा राखत असतो, एका उसळीशी त्याचा हिशेब जमवायला जाऊ नकोस. हॉजकिन आणि हक्सली यांनी हे १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या ॲक्सॉनवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर, मांडलं, कारण तो इतका जाड असतो की आत लांबच लांब तार सरकवता येते. प्राणी नीट निवडणं हे या शास्त्रातलं निम्मं कसब आहे.

डोपामिन या मेंदूतल्या रसायनाबद्दल तू लिहिलंस, ‘तो आनंदाचा रेणू ना?’ नाही. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांचे उंदीर मेंदूत वीज मिळावी म्हणून कळ दाबत सुटले, तिथून हा समज पसरत गेला. पण वोल्फराम शुल्ट्झ यांच्या माकडांमध्ये वेगळंच दिसलं. फळाचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. दिव्यानंतर रस येतो हे माकड शिकल्यावर त्या दिव्याला उसळू लागल्या आणि रसाला थंड राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर नेहमीपेक्षाही खाली गेल्या. अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक मोजावा तसं. केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर गोड थेंब ठेवला, तर ते चवीने ओठ चाटत, पण समोरचं अन्न खायला मात्र जात नसत. आवडणं आणि हवं असणं यांची फारकत यापेक्षा स्पष्ट मला कुठे दिसलेली नाही.

एफएमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन, त्याच्या रंगीत चित्रांवर मी इथे फार लिहीत नाही. त्यात पेशी दिसत नाहीत, रक्तातला प्राणवायू दिसतो आणि तोही काही सेकंद उशिरा, एवढं ध्यानात ठेव. आणि मेलेल्या सामन माशाला माणसांची छायाचित्रं दाखवून ‘मेंदूची हालचाल’ मिळवणाऱ्या २००९च्या त्या प्रयोगाबद्दल शिक्षकांना मुद्दाम विचार. चित्रातले हजारो ठिपके एकदम तपासताना आकडेमोडीत दुरुस्ती केली नाही तर काय होतं, हे त्यातून कळतं.

अभ्यासाचं म्हणशील तर धडा पुन्हा पुन्हा वाचू नकोस. पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवून लिही, मग ताडून पाहा. त्रास होतो, पण त्याने टिकतं.

पुढच्या महिन्यात मेंढीचा मेंदू हाताळायला देतील म्हणालीस. तो रसायनात ठेवलेला असल्यामुळे रबरासारखा घट्ट लागेल. ताजा मेंदू फार मऊ असतो, तेव्हा या हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस. पुस्तकातले निळे-पिवळे रंग तिथे नसतील, सगळा एकच फिकट करडा. हिप्पोकॅम्पस काढताना सुरी कमी चालव, बोटांनी हळूहळू सोडव. माझ्या हातून पहिल्यांदा त्याचे दोन तुकडे झाले होते.

आणि ॲक्शन पोटेन्शिअलचा आलेख पुस्तक न बघता काढून मला पाठव. प्रत्येक वळणावर कुठलं दार उघडलं, कुठलं मिटलं ते लिही. लाल पेन तयार ठेवलं आहे.

तुझे,
सर