शाळेतल्या मुलांना ठरावीक स्वरांतून मनाने वाजवायला कसं शिकवावं?

तुमची अडचण अशी की पाचवी ते सातवीची मुलं बसवलेलं गाणं बिनचूक वाजवतात, पण ‘आता मनाने वाजवा’ म्हटलं की निम्मी गप्प बसतात आणि उरलेली पट्ट्यांवरून नुसता हात फिरवत सुटतात.

मीही शाळेत संगीतच शिकवतो. माझ्या मते घोळ त्या सूचनेतच आहे. बाराही स्वर, हवी ती लय, हवा तेवढा वेळ असं मोकळं रान दिलं तर मोठी माणसंही गांगरतात. स्वर कमी द्या, मात्रा मोजून द्या आणि थांबायचं कुठे ते आधीच सांगा.

सुरुवात प आणि ग या दोनच स्वरांनी करा. हाका मारताना, चिडवताना मुलं बऱ्याचदा आपसूक याच अंतराने खाली येतात. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि हंगेरीचे झोल्तान कोदाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतींतही आरंभ याच जोडीपासून होतो. ती जमली की सा, रे, ध आणा. म आणि नी वगळल्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच उरत नाही, म-नी हे खटकणारं अंतरही जातं. त्यामुळे कुठलाही स्वर कुठल्याही स्वरानंतर आला तरी कानाला टोचत नाही, दोघांनी एकदम वाजवलं तरीही. ऑर्फच्या वर्गातल्या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात, नको असलेल्या चक्क काढून ठेवतात. (लगेच ‘हा भूप राग’ म्हणून सांगू नका. याच पाच स्वरांत देशकार रागही आहे. राग चलनाने, म्हणजे स्वर कसे फिरवतात त्यावरून होतो, आणि तो धडा नंतरचा.)

पण काहीच चुकत नाही, हीच पुढे या पाच स्वरांची अडचण होते. मुलं वर-खाली भटकत राहतात. सगळं गोड लागतं आणि काहीच लक्षात राहत नाही. इथे सवाल-जवाब कामी येतो. तानपुरा चालू ठेवा, केहरवा (आठ मात्रांचा ताल) लावा. पहिल्या आठ मात्रा तुमच्या:

ग ग रे ग | प – – –

प वर सोडल्यामुळे बोलणं अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. पुढच्या आठ मुलाच्या. अट एवढीच की शेवट सा वर. पहिल्यांदा बहुतेक जण सगळे स्वर घाईघाईने कोंबतात. मग म्हणायचं, ‘माझीच सुरुवात घे, फक्त शेपूट बदल.’ तेव्हा असं काहीतरी येतं:

ग ग रे ग | रे – सा –

नवे स्वर फक्त शेवटचे दोन, तरी वर्गाला कळतं की याने उत्तर दिलं. ऐकलेलं धरून ठेवायचं आणि थोडंसंच बदलायचं, हे हातात बसेपर्यंत मी दुसरं काही घेत नाही.

वर्ग मोठा असेल तर सगळ्यांनी मिळून एक छोटं ध्रुवपद वाजवायचं, मग एकाच्या आठ मात्रा, पुन्हा ध्रुवपद, मग पुढचा. पाळी लगेच संपते, त्यामुळे लाजरी मुलंही तयार होतात. तरीही कुणी अडलंच तर एकाच स्वरावर लय वाजवू द्या. तेही मनाने वाजवणंच आहे. मध्येच ‘छान’ किंवा ‘चुकलं’ म्हणू नका, लय मोडते.

पेटी किंवा कीबोर्ड असेल तर काळ्या पट्ट्या सोडू नका. काळी तीन (दोन काळ्यांच्या जोडीपासून मोजली तर तिसरी काळी पट्टी) सा धरली तर पाच काळ्या म्हणजे सा रे ग प ध. पट्ट्या त्याच ठेवून तानपुरा काळी एकला लावला की दुर्गा रागाचे स्वर मिळतात, काळी दोनला धानीचे, काळी चारला मधमाद सारंगाचे आणि काळी पाचला मालकंसाचे. आधी काही न सांगता फक्त तानपुरा बदला आणि तोच सवाल-जवाब पुन्हा घ्या, पण नवा सा तेवढा एकदा वाजवून दाखवा. नाहीतर मुलं जुन्याच सा वर येऊन थांबतात.

हे सगळं अंगवळणी पडलं की काळी तीनलाच सा ठेवून म आत आणा, पण त्यावर थांबायचं नाही, ग वर उतरायचं. ती पट्टी पांढरी आहे, त्यामुळे वाजवताना ती वेगळी लक्षातही राहते.