बसवून दोन खुणांना पाय लावायला सांगतात, त्यावरून चालण्याचं काय कळतं?

तुम्ही विचारलंय की स्ट्रोकनंतर बाबांना फिजिओ खुर्चीत बसवतात, जमिनीवरच्या दोन खुणांना आलटून पालटून पाय लावायला सांगतात आणि आकडा लिहून घेतात. चालणं सुधारायचंय तर बसवून काय मोजतात? मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते आणि ही चाचणी नेहमी घेते, म्हणून उत्तर देतेय.

हिचं नाव लेमोकॉट (LEMOCOT), म्हणजे पायाच्या हालचालींचा मेळ मोजणारी चाचणी. दोन खुणांमध्ये 30 सेंटिमीटर अंतर, वेळ 20 सेकंद. पायाचा अंगठा बरोबर खुणेवर टेकला तरच मोजायचं, बाजूला पडला तर नाही. आधी चांगला पाय, मग अधू. बसवण्याचं कारण एवढंच की उभं राहिल्यावर तोल, अंगाचा भार, पडायची भीती सगळं मध्ये येतं. बसल्यावर मेंदूचा हुकूम पायापर्यंत किती चटकन आणि किती अचूक पोचतो, तेवढंच दिसतं. अधू पाय पुढच्या खुणेवर जातो, पण मागे आणताना गुडघा अडखळतो, हे तर आकड्याच्याही आधी डोळ्यांना कळतं.

चालण्याचा वेग वेगळा मोजायचा, त्याला 14 मीटर सरळ जागा लागते. घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये पोडियम (पार्किंगच्या वरची मोकळी जागा) असतो, तिथे सोपं जातं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत एवढा पॅसेजच मिळत नाही. खडूने 14 मीटरची रेघ आखायची, सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडायचे (तिथे माणूस वेग घेत किंवा आवरत असतो) आणि मधल्या 10 मीटरचेच सेकंद धरायचे. 20 सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. साधारण 0.4 च्या खाली असेल तर चालणं घरापुरतंच राहतं, 0.8 च्या वर गेला की बाहेर बऱ्यापैकी वावरता येतं, असा ठोकताळा आहे. गोखले रोडवरची संध्याकाळची गर्दी त्यात धरलेली नाही, हे आपलं माझं.

आता मुद्द्याचं. हे दोन आकडे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. काठी धरून, कंबर उचलून, पाय बाहेरून फिरवत टाकायची सवय झाली की वेग वाढतो. लेमोकॉटचा आकडा मात्र जागचा हलत नाही. म्हणजे शरीराने पर्याय शोधला, पाय होता तसाच आहे. यात वाईट काही नाही, बाबा संडासपर्यंत एकटे जाऊ लागले तर मला तेही हवंच असतं. उलटही होतं: बसून पाय छान हलतो, पण उभं केलं की भीतीने पाऊल निघत नाही. तिथे पायाचे व्यायाम वाढवून फार उपयोग नसतो, तोल आणि धीर यांवर काम करावं लागतं. कुठल्या व्यायामाला किती वेळ द्यायचा, हे मी यावरूनच ठरवते.

पुढच्या वेळी फिजिओंकडून दोन्ही पायांचे आकडे आणि चालण्याचा वेग मागून घ्या, तारीख टाकून वहीत लिहा. आणि घरी खुणा काढून रोज हीच चाचणी करून घेत बसू नका, नुसत्या सरावानेही आकडा वाढतो आणि मग खरी सुधारणा किती ते फिजिओंना कळत नाही.