वाचकांचे प्रश्न : ओतण्याआधी वाकून बघा

प्रश्न : महिन्यातून दोन-तीनदा आम्ही कासला जातो. यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिरापाशी आलो की चाकांकडून करपल्याचा वास येतो आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत. ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून भरून घेतलं, तरी फरक नाही. पॅड बदलावेत का?
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : पॅडकडे वळूच, पण आधी तेल. नुसते पॅड तापले तर वास येतो, पकड कमी होते, पण पेडल पायाला घट्टच लागतं. तुमचं पेडल खोल जातंय, म्हणजे आतलं तेल उकळायला लागलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं ‘डॉट ३’ प्रकारचं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ तेल २३०पर्यंत. ओलावा शिरला की हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५च्या आसपास येतात. घाटात ब्रेकवर सतत पाय असला की चाकापाशी एवढी उष्णता सहज होते. तेल दाबलं जात नाही, पण त्यातली वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा तेल-पाणी होतं आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. ते ठीक झालेलं नसतं.

तेव्हा जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि चारही चाकांपाशी ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्या. लहान कारला साधारण एक लिटर पुरतं. दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा हे करायचं. डॉट ३ की ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. गॅरेजात महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली नको, सीलबंद बाटली समोर फोडायला सांगा. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाणी मारा, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता पॅड. वरून तेल भरलंत ही खरी चूक झाली. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे तेल जातं आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. ती पातळी म्हणजे पॅड झिजल्याची सूचनाच होती. चाक काढून बघा. नव्या पॅडवरचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमी उरला की बदलायचा. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही बघा. एकच जास्त झिजला असेल तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय. तो मोकळा केल्याशिवाय नवे पॅड घातलेत तर तेही तसेच जातील. पॅड जाड आहेत आणि तरीही तेल उतरतंय, असं असेल तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरपाशी ओल दिसते का बघा.

आवाजही ओळखून ठेवा. ब्रेक मारताना बारीक ‘चीं’ म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना देणारी पट्टी डिस्कला लागतेय. ‘खर्र’ म्हणजे लोखंडावर लोखंड. तेव्हा पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो.

आणि उतरायची पद्धत बदला. घाट ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरायचा, ब्रेक ठरावीक अंतराने दाबून सोडायचा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे अजून भेटतात. इंजिन बंद झालं की पेडल हलकं करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं होतं. तापलेल्या चाकांवर पाणीही ओतू नका, डिस्क वाकडी होते.

प्रश्न : कूलंट दर पंधरवड्याला बाटलीभर कमी होतं. खाली थेंबही दिसत नाही. घरच्या बोअरचं पाणी टाकून भागवतोय. चालेल ना?
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. गरम-थंड होताना पातळी बोटभर वर-खाली होईल, बाटलीभर जाणार नाही. बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो. शिवाय कूलंट पातळ होऊन त्यातलं गंजरोधक कमी पडतं. रस्त्यात अडलात तर गॅरेजपर्यंत पोहोचायला साधं पाणी चालेल, पण नंतर सगळं धुऊन काढायचं. पाणी न मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा. ‘रेडी मिक्स’ असेल तर त्यात काहीच घालू नका. हिरवं की लाल यावरून जात ठरत नाही, डब्यावरचं वाचा.

थेंब दिसत नाही याचा अर्थ गळत नाही असा नाही. गरम इंजिनावर पडलेलं कूलंट तिथल्या तिथे वाळतं. सकाळी इंजिन थंड असताना होस पाइपच्या जोडांवर पांढरट-हिरवट पापुद्रा शोधा. वॉटर पंपाच्या पुलीखाली बारीक भोक असतं, तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलंय. गाडीत गोडसर वास, पायाशी ओली मॅट आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरची जाळी फुटलीय. आणि सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे कूलंटचं झाकण. त्याचं रबर कडक झालं की चालत्या गाडीत वाफ निघून जाते, मागे खूण राहत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, तोच बघून नवं घ्या.

एवढ्याने सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. पंपाने झाकणावरच्या आकड्याइतका दाब देऊन १५ मिनिटं काटा बघायचा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलवर. मग टाकीत सतत बुडबुडे येतात, गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसतं. नुसत्या तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. थंडीत जवळ-जवळच्या फेऱ्या झाल्या की ती जमते. गॅस्केटचं काम मोठं आहे. वरची तपासणी न करताच कुणी ते सांगितलं तर दुसऱ्या मेकॅनिकला विचारा.

तोवर चालवताना तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि गाडी बाजूला. पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर असून दाबामुळेच उकळत नसतं. झाकण फिरवलं की ते तोंडावर येतं.

प्रश्न : पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झाली, बाहेरची निम्मी शिल्लक आहे. दुकानदार नवे टायर घ्या म्हणतो.
— तासगाव

उत्तर : घ्यावे लागतील, पण आधी कारण काढा. फक्त आतली कड जाणं हा बहुतेकदा अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांचा) दोष. हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. पुढचं चाक उचलून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खटखट लागली तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) ढिला आहे. तो बदलून मग अलाइनमेंट, उलटं केलं तर पैसे वाया. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. नवे टायर घेताना बाजूच्या चार आकड्यांवर तारीख वाचा : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा.

प्रश्न : गाडी महिन्याला जेमतेम २०० किमी चालते. १०,००० किमी झाल्यावरच सर्व्हिसिंग केली तर?
— मिरज

उत्तर : त्याला चार वर्षं लागतील! पुस्तकात ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष’ लिहिलेलं असतं, त्यातलं वर्ष तुमच्यासाठी आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा आणि पेट्रोल तेलात साठत जातं. आठवड्यातून एकदा २०-२५ किमी सलग चालवा. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवणं त्याला पर्याय नाही. सेल्फ जड फिरायला लागला तर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६च्या आसपास व्होल्ट हवेत, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. पहिला आकडा कमी आणि दुसरा बरोबर असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा, तरीही आकडा टिकला नाही तर ती बदलायची. दुसराच कमी असेल तर नवी बॅटरीही महिन्यात बसेल. आणि गाडी उसाच्या फडाजवळ लागत असेल, तर तोडणी झाली की उंदीर बॉनेटखाली येतात. आठवड्याला एकदा एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, घरटं बहुधा तिथेच सापडतं.