पॉलिहाऊसमधली सड : वाचकांचे प्रश्न

ढोबळी मिरची बाहेरून चकचकीत, कापली की बियांवर पांढरट-गुलाबी बुरशी. अळी नाही, छिद्र नाही. मग शिरली कुठून?

फुलातून. ही फ्युजेरियम. उमललेल्या फुलाच्या कुक्षीवर बीजाणू पडतात, तिथून बुरशी आत उतरते आणि फळ तिला पोटात घेऊनच वाढतं. म्हणूनच फळ धरल्यावर मारलेलं औषध तिथवर पोचत नाही. फुलोऱ्यात हवा खेळती ठेवा. गळालेली फुलं-फळं बेडवर पडू देऊ नका, रोज वेचून बाहेर नेऊन पुरा.

फॉगर (बारीक धुक्यासारखं पाणी फवारणारं यंत्र) रात्री चालू ठेवावा का?

नाही.

प्रतवारीत काढलेली मिरची सॉसवाला कमी भावात नेतो. सडका भाग कापून उकळतोच, मग काय बिघडलं?

हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर वेळी मला काळजी वाटते. बुरशी मेली म्हणजे तिचं विष गेलं असं होत नाही. फ्युजेरियमने सडलेल्या ढोबळी मिरचीत फ्युमोनिसिन आणि ब्यूव्हेरिसिन ही विषं सापडली आहेत, आणि डाग कापून टाकल्यावर उरलेल्या, दिसायला चांगल्या गरातही ती उतरलेली असू शकतात. फ्युमोनिसिन साध्या उकळीने जात नाही. सडक्या सफरचंदातल्या पॅट्युलिन या बुरशीच्या विषाचंही तेच, म्हणून तर रसात ते किलोमागे 50 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. सडका माल स्वस्तात घेणारा सगळं एकत्र दळतो, मग कोणाच्या ताटात किती गेलं हे कोणालाच कळत नाही. दहा-वीस रुपयांसाठी हे करू नका. घरीही तेच, आत बुरशी दिसली की अख्खी मिरची टाका. कोणी खाल्ली असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आठवडाभर वाट बघू नका.

स्ट्रॉबेरीवरची राखाडी बुरशी विषारी असते का?

ती बोट्रायटिस, विषासाठी ओळखली जात नाही. तरी त्याच फळावर दुसरी बुरशीही असू शकते. खाऊ नका.

दुकानदाराने 'सगळ्या बुरशींवर एकच' म्हणून बाटली दिली. लेबल नाही. मारू का?

मुळीच नाही. लेबलवर तुमचं पीक, रोग, मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे छापलेलं नसेल तर बाटली परत करा. शेजाऱ्याला गुण आला, हा पुरावा नव्हे. चार-पाच न कापलेली फळं कागदी पिशवीत घालून त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत फळांना घाम सुटतो, दुसरीच बुरशी वाढते आणि निदान चुकतं.