लाल पायांच्या कासवाचं घर

प्रश्न : डॉक्टर, मुलीच्या हट्टापायी आम्ही रेड-फूट जातीचं कासव घेतलं. चार-साडेचार इंचांचं आहे. दुकानदाराने दिलेल्या दोन फुटी काचेच्या टाकीत तळाला गोटे टाकून ठेवलंय, वर साधा बल्ब आहे. दिवाळीनंतर ते कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं, खाणं निम्म्यावर आलंय. पाठीवरच्या चकत्याही उंचवट्यांसारख्या वर येऊ लागल्यात. सासूबाई म्हणतात, थंडीत कासवं झोपतात, त्याला उठवू नका. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उठवा, आजच. हिवाळाभर झोपणारी कासवं थंड मुलखातली. तुमचं कासव मूळचं दक्षिण अमेरिकेचं. व्हेनेझुएला, गयाना, ब्राझील इकडच्या रानांच्या कडेचं. तिथे बारा महिने ऊब असते, त्यामुळे याला शीतनिद्रा नाहीच. नाशिकला पारा दहाच्या आसपास उतरला की ते झोपत नाही, गारठतं. पोटातलं अन्न पचेनासं होतं आणि पाठोपाठ न्यूमोनिया येतो. नाकातून बुडबुडे किंवा तोंड उघडून श्वास दिसला तर हा अंक बाजूला ठेवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

आता टाकी. कासवाला काच म्हणजे अडथळा हे कळत नाही, ते तिला धडका देत राहतं. सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायची चार फूट बाय दोन फूट पेटी करून घ्या, उंची दोन फूट. पुढे सरकती काच चालेल, पण तिचा खालचा वीतभर भाग प्लायचाच ठेवा. वर झाकण हवंच, बाजूंना हवेपुरती भोकं. पूर्ण वाढल्यावर हे कासव फुटभर लांब होतं, तेव्हा आठ बाय चार फूट तरी जागा लागेल. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ते तुमच्या घरात असू शकतं, तेव्हा त्या जागेचा विचार आत्तापासून करा.

उंचवटे येण्यामागे मला तुमच्या टाकीतला कोरडेपणा दिसतो. गोटे कोरडे, बल्ब हवा आणखी सुकवतो. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी आफ्रिकी सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर अभ्यास केला. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी जास्त उंचावल्या. अन्नातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. आलेले उंचवटे बसत नाहीत, पण नवी वाढ गुळगुळीत येऊ शकते. म्हणून गोटे काढा. कोकोपीट आणि खत न घातलेली बागेतली माती मिसळून चार इंच थर द्या, वर आंब्या-फणसाची वाळकी पानं पसरा. पाणी कोपऱ्यांतून ओता, म्हणजे खालचा थर ओला राहील आणि वरचा जेमतेम दमट. वरचा थर सतत चिखलासारखा राहिला तर पोटाकडच्या कवचाला बुरशी धरते. आर्द्रतामापकावर ७० ते ८० टक्के दिसायला हवेत.

पेटीच्या एका टोकाला ऊन खाण्याची जागा, तिथे ३२-३३ अंश. दुसऱ्या टोकाला २६-२७. रात्री २२ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर घ्या. तो चिनी मातीच्या होल्डरमध्ये, भोवती जाळी आणि थर्मोस्टॅटसकटच लावा. लाल बल्ब नको. वीज जाते त्या रात्रींसाठी हीटर इन्व्हर्टरवर जोडा. शिवाय यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, दिवसाला बारा तास हवी, आणि वर्षाने ती बदलायची. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हे काम करत नाही. लपायला अर्धी फोडलेली मातीची कुंडी, पाण्याला कुंडीखालची पसरट बशी. सध्या रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली.

खायला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा आणि शेवग्याचा पाला, अधूनमधून पपई. पोळी, भात, दूध अजिबात नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जिवाचं आतलं पांढरं कवच) पेटीत ठेवा, ते त्याला चावत बसेल.

पावसाळा हा मात्र त्याचा ऋतू. त्या उबदार, दमट दिवसांत कुत्रा-मांजर-कावळ्यांपासून सांभाळून अंगणात सोडा. मे महिन्यात दुपारी मुळीच नको.

खरेदीची पावती जपून ठेवा. या कासवाची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर करून घ्या, २०२४ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव कुणीतरी भेट दिलंय. त्यालाही अशीच पेटी करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ते आपलं तारा कासव आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरी पाळता येत नाही, नोंदणीनेही नाही. डोंगरावर नेऊन सोडूही नका. परक्या जागी ते जगेलच असं नाही, आणि त्याच्या अंगचा आजार तिथल्या कासवांना लागू शकतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते येईपर्यंत त्याला कोरड्या, हवेशीर खोक्यात ठेवा.